कारणाचा रकाना

मी ब्लाउज शिवते. मला गळा कळतो.
गळ्याला दोन बोटं जागा सोडावी लागते,
माणूस गिळतं, खोकतं, बाळंतपणानंतर भरतं.

म्हणून वडगावात आमच्या गल्लीचा रस्ता नवा झाला तेव्हा
सगळे ठोकळ्यांचा रंग बघत होते
(चांगलाच होता, वांगी; आम्ही पेढेही वाटले)
आणि मी बघत होते करंजाचा बुंधा.
सिमेंट पार सालीला टेकवलेलं,
शेवटच्या हुकापर्यंत आवळलेलं.
टेप घेऊन गेले. अडतीस इंच.
गिऱ्हाइकांच्या वहीत एक पान केलं, नाव: करंज.
उंची सोडून दिली.

पुढच्या दसऱ्याला साडेअडतीस.
त्याच्या पुढच्या दसऱ्याला साडेअडतीसच.
चैत्रात पालवी आली ती एकाच अंगाला,
हौद गळतो त्या बाजूला.

अर्ज दिला. अर्ज कन्नडात लागतो.
निंगव्वाच्या लेकीनं लिहिला, गोल गोल अक्षरात,
खाली आम्ही सहा जणांनी सह्या केल्या
न वाचता, बँकेत करतो तशा.
आठ महिने गेले.
नाही असं कुणीच म्हणालं नाही.

मग एका रविवारी, उजाडता उजाडता
भरमा मेणसे पहार घेऊन आला.
शमशादबीची किटली, तिच्या नातवाचं घमेलं.
निंगव्वा नुसती बघायला आलेली,
थोड्या वेळानं पदर खोचून बसली.
मी शिवणाच्या निळ्या खडूनं गोल काढला,
बुंध्यापासून दीड वीत.
भरमा म्हणाला, "एवढं कशाला ओ, वीतभर बास की."
म्हटलं, "वाढतं अंग आहे."

पहिला ठोकळा अर्धा तास निघेना.
मग बाकीचे दाढा हलल्यासारखे.
खालची माती आमच्याकडच्यासारखी लाल नव्हती,
भाजल्यासारखी, राखेची.
तिच्यात गुटख्याची पुडी, अर्धा कंगवा,
आणि एक मूळ, चपटं झालेलं,
इस्त्रीखाली विसरलेल्या नाडीसारखं.

"काय करुलालाय ओ सक्काळी सक्काळी?"
विचारत गेले लोक. दोघं थांबले. एकानं फोटो काढला.
तो फोटो महापालिकेत गेला.
कुणी दिला ते आम्हाला ठाऊक आहे.
त्याच्या बायकोचे दोन ब्लाउज माझ्याकडे पडून होते.

दंड बाराशे.
भरमानं पाचशे दिले आणि महिनाभर बोलून दाखवले.
खिडकीत होसमनी म्हणून कारकून, टेबलावर डबा उघडाच.
पावतीवर एक रकाना: कारण.
आधी त्याच्या भाषेत, मग अडखळत आमच्या भाषेत विचारलं,
"काय लिहू? तोडफोड लिहू?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
भरमा खिसा चाचपत राहिला, जणू उत्तर तिथं ठेवलंय.
निंगव्वा पुढं झाली, त्याला दोनच वाक्यं बोलली.
त्यानं पेन ठेवलं. चष्मा पुसला.
पेन उचललं.

दंड काही कमी झाला नाही.

पावती वहीत आहे, करंजाच्या पानात.
मला ती अक्षरं बसच्या पाट्यांपुरतीच येतात.
रात्री मशीनच्या दिव्याखाली
एकेक लावत बसले.
नी.
रु.

निंगव्वाला विचारलं, काय सांगितलंस त्याला?
म्हणाली, आता कुठलं आठवतंय,
आणि माझ्याच खडूनं माझ्याच उंबऱ्यावर
दुधाचा हिशेब मांडत बसली.

परवा अनगोळहून दोघी आल्या,
आमच्याकडे चौदा झाडं आहेत म्हणाल्या, तशीच आवळलेली.
टेप मागत होत्या. दिली नाही.
मापं घेऊन या, म्हटलं, आणि पहार तुमची तुम्ही बघा.

काल मोजलं. एकोणचाळीसला एक सूत कमी.
बुंध्याशी मातीत दोन बोटं घालून बघितली.
जातात.

त्या बाईचे ब्लाउजही दिले शिवून.
गळा सैलच ठेवला.